रुपरावचा बिबट, जयवंताची भिंत

चौसष्ट सालचा हिवाळा होता. नागपूरच्या तांडापेठेतल्या आपल्या घरी जयवंता चरख्यावर मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसली होती. दारात सायकलरिक्षा थांबली. तीतून आधी कवडू उतरला, तिच्या भावाच्या शेतावरचा सालगडी. मग त्यानं एक फुगलेलं, ओलं पोतं उतरवलं, आणि सगळ्यात शेवटी, कवडूच्या खांद्यावर भार टाकून, तिचा मोठा भाऊ रुपराव उतरला. त्याचा डावा हात धोतराच्या फडक्यात कोपरापासून बोटांपर्यंत गुंडाळला होता आणि ते फडकं काळं पडलं होतं.

"घाबरू नको वं," रुपराव म्हणाला, आणि उंबऱ्यातच बसला.

जयवंता चरख्यापासून उठलीच नाही. हातातला धागा मात्र तुटला.

हकीकत कवडूनं सांगितली. नरखेडकडे त्यांच्या गावात दोन महिन्यांपासून बिबट लागला होता. कुत्री नेली, शेळ्या नेल्या, रुपरावचा गोऱ्हा गोठ्यातून ओढून नेला. डुकरांपासून पीक राखायला रुपरावकडे परवान्याची भरमार बंदूक होती. आदल्या दिवशी भर दुपारी तो संत्र्याला पाणी फिरवायला मळ्यात गेला, तर बिबट पाटाच्या कडेलाच, झाडाच्या सावलीत. रुपरावनं बार काढला. बार लागला, पण जनावर उठून सरळ अंगावर आलं. त्यानं डावा हात पुढं केला, तो त्याच्या जबड्यात गेला. कवडू कुऱ्हाड घेऊन पोचला तेव्हा बिबट रुपरावच्या छातीवर मरून पडला होता, आणि हात अजून दातांतच होता.

"अन् पोत्यात काय हाय?" जयवंतानं विचारलं.

"तेच," कवडू म्हणाला. "कातडं. मीठ लावून आणलं. दादाजी म्हणते, अख्खं पाहिजे. गावात ठेवलं असतं तर सकाळपर्यंत एक नख राह्यलं नसतं."

ते खरंच होतं. रेंजरसाहेब येऊन पंचनामा करून जाईपर्यंतसुद्धा लोकांना धीर नव्हता. कोणाला पोराच्या गळ्यात बांधायला नख हवं, कोणाला गुडघ्याला चोळायला चरबी हवी, कोणाला नुसताच मिशीचा केस. रेंजरनं गुरं मारणारं जनावर म्हणून कातडं रुपरावकडे राहू दिलं, तशी रुपरावची बायको प्रयागबाई अंगणात येऊन म्हणाली, "हे माह्या घरात येणार नाही. नवऱ्याचा हात खाल्ला त्यानं, त्याले मी आसरा देऊ?" बाळंतपणाला दोन महिने झाले होते, कडेवर पोर होती, आणि तिचा आवाज साऱ्या गल्लीनं ऐकला. म्हणून नवरा आणि कातडं दोन्ही नागपूरच्या पॅसेंजरमध्ये चढली. पोर घेऊन दवाखान्याच्या मागं फिरणं प्रयागबाईला जमणारं नव्हतं, आणि जयवंताला मूलबाळ नव्हतं. मूलबाळ नसलेल्या बाईकडे वेळ असतो, असं दोन्हीकडची माणसं धरून चालत.

जयवंताचं माहेर मूळचं विणकरांचंच. आजोबांनी माग मोडून शेती धरली. सासर मात्र मागावरच राहिलं होतं. तिचा नवरा बाबनराव पुढच्या खोलीत, खड्ड्यात पाय सोडून चालवायच्या खड्डामागावर नऊवारी लुगडी विणायचा. बाबनराव भला माणूस होता. पण अडचणीच्या वेळी आधी काय करायचं हे त्याला कोणी सांगावं लागे. जयवंतानं सांगितलं, "तुमी दादाले धंतोलीत डॉक्टरकडं घेऊन जा. कवडू, ते पोतं तिकडं मागाजवळ ठेव."

धंतोलीतल्या डॉक्टरांनी जखमा धुतल्या, सुया टोचल्या आणि रोज पट्टी बदलायला या म्हणाले. तेव्हापासून घरात दोन गोष्टी सडू न देण्याचं काम सुरू झालं. एक भावाचा हात आणि दुसरं ते कातडं. दोन्ही जयवंताकडेच.

सकाळी उठून ती पट्ट्यांचं फडकं उकळायची. मग भावाला घेऊन धंतोली. परत येऊन चूल, मग कांड्या, कारण कांड्या भरल्याशिवाय माग चालत नाही आणि माग चालल्याशिवाय घर चालत नाही. मध्ये शेजारणी यायच्या. रुपरावला बरं आहे का विचारायच्या आणि नजर पोत्याकडे लावून म्हणायच्या, "एखादं नख निघते का, पाह्य ना वं." जयवंता नाही म्हणायची. नाही म्हणायलाही अंगात बळ लागतं, हे तिला त्या दिवसांत कळलं.

आठवडाभरानं तिनं पोतं उघडलं, आणि मीठ झटकताना तिच्या बोटांबरोबर केसांचा एक पुंजका हातात आला. मागाची खोली ओलसर ठेवावी लागते, नाहीतर सूत तडकतं. बाबनराव रोज जमिनीवर पाणी शिंपायचा. कातड्याला तर कोरडं हवं. एका खोलीत दोन्ही नांदणार नव्हती.

"माग तर हलवता येत नाही," बाबनराव म्हणाला.

"मग ते माह्या चुलीपाशी येईन," जयवंता म्हणाली. प्रश्न नव्हता तो. तिनं वास येणारं कातडं दोन्ही हातांनी उचललं, मागच्या खोलीत नेलं, खाटेवर पालथं पसरलं आणि नवं मीठ चोळलं. त्या खोलीतच ती रांधायची, तिथंच झोपायची. त्या दिवसापासून नवरा-बायको मागाच्या खड्ड्याशेजारच्या ओलीत निजू लागली आणि खाटेवर बिबट.

रुपराव अंगणात बसून राहायचा. ताप यायचा, उतरायचा. हात दुखला तरी बोलायचा नाही. बोलायचा तो कातड्याबद्दलच. "नीट ठेवजो, जयवंता. भिंतीवर लावू. येणाऱ्या-जाणाऱ्यानं पाह्यलं पाहिजे." बाबनरावनं दोनचार ठिकाणी विचारून सदर भागातला बाबूलाल शोधून काढला. पेंढा भरून जनावरं उभी करण्याचं काम त्याच्या घरात बापापासून होतं. साहेब लोक गेल्यापासून धंदा बसला होता, तरी शिकारीला जाणारे ठेकेदार, वकील अजून त्याच्याकडे येत. बाबूलाल येऊन कातडं पाहून गेला. "बच गया," म्हणाला, "पण थोडक्यात." कवडूनं वेगळ्या फडक्यात आणलेलं डोक्याचं हाड उकळून स्वच्छ करून पाठवा, असंही सांगून गेला.

तेही जयवंतानंच केलं. परसात तीन विटा मांडून एका चुलीवर जुन्या हंड्यात बिबटाचं डोकं शिजत ठेवलं आणि शेजारच्या चुलीवर भावाच्या पट्ट्या. दोन्हींतून वाफ येत होती. शेजारणी नाकाला पदर लावून कुंपणापलीकडे उभ्या होत्या. ढवळताना तिच्या मनात आलं, हे संपलं की मी आजारी पडेन आणि मग मला कोणी उठवणार नाही. पण दोन्ही हंडे उतरवल्यावर भाजी चिरायची होती, आणि ती आजारी पडली नाही.

डोकं उकळून निघालं तेव्हा तिनं ते उन्हात ठेवलं. तेवढ्यात रुपरावला थंडी भरून ताप चढला आणि हात खांद्यापर्यंत सुजला. या वेळी डॉक्टरांनी ठेवूनच घेतलं. दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या सकाळी त्यांनी जयवंताला बाहेर बोलावलं. "आतून खराब होऊन गेलं, बाई. जनावराच्या दाताची घाण खोल गेली होती. कोपराच्या वरून काढावा लागेल, नाहीतर माणूस जाईल."

बाबनराव तिच्या शेजारी उभा होता. तो भिंतीकडे पाहू लागला. जयवंता आत गेली.

"दादा, हात काढा लागते म्हणते."

रुपराव म्हणाला, "कातडं दिलं बाबूलालले?"

"दिलं."

"मग काढू दे."

त्याला आत नेलं. आत किती वेळ लागेल कोणी सांगेना. तेवढ्यात बाबूलालचा निरोप आला. कातडं भिजवून मऊ केलंय, आजच डोकं चढवावं लागेल, कसं चढवायचं ते घरच्यांनी येऊन सांगावं, उद्यावर टाकता येणार नाही. जयवंतानं नवऱ्याला म्हटलं, "तुमी जा." बाबनराव म्हणाला, "मले तिथलं काय समजते? अन् इथं कागदावर अंगठा-सही लागली तर माणूस पाहिजे." तेही बरोबर होतं. म्हणून भावाचा हात कापला जात असताना जयवंता एकटी धंतोलीहून सदरला चालत निघाली. रिक्षा करायचं तिला सुचलं नाही. उन्हात डोळे मिटत होते. एकदा तर ती रस्त्याच्या कडेला झाडाला हात लावून उभीच राहिली आणि पुढं जायचंय हे क्षणभर विसरली.

बाबूलालच्या पडवीत तुरटीचा आणि चुन्याचा वास होता. लाकडी फळीवर कातडं पसरलं होतं आणि पलीकडे तिनं उकळलेलं डोकं ठेवलं होतं, पांढरं स्वच्छ.

"मादी आहे," बाबूलाल म्हणाला. "उमर झालेली. हे पाहा." त्यानं जबडा उचलून दाखवला. एक सुळा मुळाशीच तुटलेला. दुसरे झिजून बोथट. बाजूच्या दाढा जवळजवळ नव्हत्याच. "म्हणूनच गावात घुसली. हरणामागं धावणं हिला होत नव्हतं. आता सांगा, मुंह खुला ठेवू का बंद?"

"काय फरक पडते?"

"अरे बाई, सगळा फरक त्यातच. तोंड उघडं, लाल जीभ, दात दिसले तर रौनक. पाहणारा दचकला पाहिजे. हे दात बेकार आहेत, ते मी दुसरे बनवून लावीन, मोठे. कोणाला कळणार नाही. सगळे उघडंच घेतात. तुमच्या भावाचा तर हातच गेलाय तिच्या तोंडात."

जयवंता त्या डोक्याकडे पाहत राहिली. पुढं अनेकांनी तिला विचारलं की तू तसं काहून सांगितलंस, आणि दर वेळी तिनं वेगळं काही सांगितलं. पण खरं ते साधंच होतं. प्रयागवहिनी ते कातडं घेणार नव्हती. ओलीमुळं मागाच्या खोलीत ते टिकणार नव्हतं. म्हणजे ते तिच्या मागच्या खोलीत, तिच्या चुलीच्या समोरच्या भिंतीवर येणार होतं, आणि रोज सकाळी डोळे उघडले की ते तोंड दिसणार होतं. तिनं त्या जबड्यातून निघालेला हात महिनाभर धुतला होता. आता उघड्या तोंडाखाली भाकरी थापण्याएवढं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

"बंद ठेवा," ती म्हणाली.

"घरच्या माणसांना विचारून घ्या. नंतर बदलता येत नाही."

"मीच घरची हावो. बंद ठेवा. अन् खोटे दात लावू नका."

बाबूलालनं खांदे उडवले. डोळे कोणते लावू म्हणून त्यानं काचेच्या डोळ्यांची डबी पुढं केली. तिनं त्यातल्या त्यात मळकट पिवळे निवडले. मग ती चालत परत धंतोलीला गेली. रुपरावला बाहेर आणलं होतं. डाव्या बाजूला चादर सपाट होती.

दोन महिन्यांनी काम पुरं झालं. कातड्याला मागून अस्तर म्हणून बाबनरावनं स्वतः जाड पट्टी विणून दिली, काठाला करवतीच्या दातांसारखी नक्षी घालून. ते पाहून बाबूलालही म्हणाला की असं अस्तर मी कुठल्या साहेबाकडे पाहिलं नाही. ज्या दिवशी ते घरी आणलं, त्या दिवशी रुपराव गावी जायला निघाला होता. त्याला न्यायला प्रयागबाई आली होती, आणि दोनचार नातेवाईक नुसतेच बघायला. बाबनरावनं गुंडाळी सोडली आणि कातडं भिंतीला धरलं.

चारी पाय पसरलेले, शेपूट लांब, ठिपके चकचकीत. आणि वर ते डोकं, तोंड मिटून, कशाकडे न पाहणाऱ्या डोळ्यांनी. मग एक नातेवाईक हसला. "हे बिबट होय गा? मांजर दिसते मोठी."

रुपरावचा चेहरा उतरला. "तोंड काहून बंद हाय याचं?"

"मी सांगितलं," जयवंता म्हणाली.

"तू? तुले कोणं विचारलं होतं?"

"तुमाले आत नेलं होतं दादा. विचारायले कोणीच नव्हतं."

"अन् तुले तेवढं समजलं नाही?" तो उठून उभा राहिला. उजव्या हातानं त्यानं सदऱ्याची रिकामी बाही धरली होती. "माहा हात काय झोपलेल्या मांजरीनं चाटून नेला वं? लोकं काय म्हणतीन? हे पाहून कोणी म्हणन काय, का याच्यात माणसाचा हात गेला?"

प्रयागबाई म्हणाली, "चला. गाडी निघून जाईन."

तो निघाला. जयवंतानं रात्री जागून बांधलेली शिदोरी प्रयागबाईनं घेतली. रुपरावनं जाताना बहिणीकडे पाहिलं नाही. कातड्याकडेही नाही. जयवंता दारात उभी होती. तिला राग यायला हवा होता, पण आला तो नुसता थकवा. ती आत जाऊन बसली. बाबनरावनं हातोडी मागितली तेव्हा तिनं ती बसल्या जागेवरून बोटानं दाखवली.

अशा रीतीनं बिबट तिच्या भिंतीवर आला आणि सतरा-अठरा वर्षं तिथंच राहिला.

त्याची निगा हे तिच्या कामांमधलं आणखी एक काम होऊन बसलं. पावसाळ्याआधी कातड्यामागं निंबाचा पाला आणि सुकी तंबाखू खोचायची. दिवाळीच्या सुमारास उतरवून सावलीत वारा द्यायचा, कारण थेट ऊन लागलं तर कातडं चिरतं. कसर लागली का ते बोटांनी केस पांगवून, फुंकून पाहायचं. एका पावसाळ्यात कान कुरतडले गेले. तिनं ते सुईदोऱ्यानं टाचले. धूर बसून पिवळा रंग तपकिरी झाला. पेठेतल्या आया दचकून उठणाऱ्या पोरांना तिच्याकडे घेऊन यायच्या, वाघ दाखवला की भीती जाते म्हणून. पोरं सुरुवातीला आईच्या लुगड्यात तोंड लपवायची. मग एक डोळा, मग दोन डोळे, आणि शेवटी हात लांब करून त्याचं नाक चोळायची. नाकावरचा रंग अशानं पार निघून गेला. जयवंता त्यांना ओरडत नसे.

रुपरावचं येणं बंद झालं नाही. संत्र्याचा हंगाम आला की माल बाजारात घालायला तो नागपूरला यायचा आणि बहिणीकडे एक टोपली टाकायचा. एका हातानं तो सगळं करू लागला होता. टोपली खांद्यावर घ्यायचा, पान लावायचा, मोटार-पंपाचं बटन दाबायचा. पण मागच्या खोलीत जेवायला बसला की पाट फिरवून बसायचा, भिंतीकडे पाठ करून. पुढं कायदा आला, अशा वस्तूंची नोंद करावी लागेल म्हणून लोक सांगू लागले, तेव्हा जाऊन नोंद करून आला तोही रुपरावच; तेवढ्यापुरतं त्यानं ते कातडं आपलं म्हणून सांगितलं. बहिणीशी त्याविषयी एक शब्द नाही.

दरम्यान बाबनरावचा माग थांबला. पॉवरलूमची लुगडी स्वस्त पडू लागली, नऊवारी नेसणाऱ्या बायकाही कमी झाल्या. एके दिवशी त्यानं मागाची लाकडं विकली आणि एका गोदामावर राखणदार म्हणून लागला. खड्डा त्यांनी दोघांनी मिळून मातीनं भरला. पुढची खोली कोरडी झाली. आता बिबट तिथं लावता आला असता, पण काढून पुन्हा लावायचा म्हणजे तेवढा खटाटोप, आणि दोघांपैकी कोणी तो विषय काढला नाही.

ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात प्रयागबाई स्वतः आली. केस पांढरे झाले होते. पाणी घेतलं आणि सरळ मागच्या खोलीत जाऊन भिंतीसमोर उभी राहिली. ज्या दिवशी त्याच्या मिटलेल्या तोंडावरून भांडण झालं, त्यानंतर पहिल्यांदाच ती ते पाहत होती.

"जयवंताबाई," ती म्हणाली, "हे मले द्याल काय?"

जयवंताला काही समजेना. मग प्रयागबाईनं सांगितलं. तेव्हाची कडेवरची पोर, प्रेमिला, आता लग्नाची झाली होती. दोन ठिकाणं चांगली आली आणि काहीतरी सांगून मोडली. तिसऱ्या ठिकाणच्यांनी मध्यस्थाजवळ खरं बोलून टाकलं. त्यांच्या कानावर आलं होतं की पोरीच्या बापाचा हात महारोगानं झडला.

"वाघानं खाल्ला म्हणून सांगितलं तर हसते," प्रयागबाई म्हणाली. "म्हणते, सगळेच असं सांगते. तेव्हाचे जाणते लोक मरून गेले. कवडू गेला. आता चौथं ठिकाण आलं हाय, काटोलकडचं. मीच नाही म्हटलं होतं घरात. मले माहीत हाय. पण पोरीसाठी आता मीच मागून राहिली."

"दादाले विचारलं?"

"ते म्हणते, घेऊन ये. पण आधी तोंड उघडून भेटते काय विचार म्हणते."

जयवंता हसली. खूप दिवसांनी हसल्यामुळं तिला खोकला आला. "वहिनी, आता उघडायले गेलं तर सगळं चिरून हातात येईन. पाहिजे तर असंच न्या."

दोघींनी मिळून कातडं उतरवलं. प्रयागबाईनं ते पायांच्या बाजूनं धरलं होतं. गुंडाळताना ती हळूच म्हणाली, "हलकं हाय वं किती." मग ती म्हणाली, "तुमीही चला. पाहुणे येऊन राहिले, घरात एक जाणती बाई पाहिजे." म्हणजे आणखी काम. जयवंतानं दोन लुगडी पिशवीत घातली.

पाहुणे आले त्या दिवशी ती पहाटेपासून चुलीशी होती. रुपरावच्या बैठकीत, दारासमोरच्या भिंतीवर, कातडं लावलं होतं. रुपराव त्याच्या खाली बसला नाही. खांबाशी बसला, जिथून कातडं आणि दार दोन्ही दिसेल. पाहुण्यांत मुलाचा आजा धोंडबा होता. म्हातारा बारीक, कानाला हात लावून ऐकणारा. पोहे झाले, चहा झाला. प्रेमिला येऊन नाव सांगून गेली. मग धोंडबा काठी टेकत उठला आणि भिंतीजवळ गेला. जयवंता आतल्या दारात ताट घेऊन उभी राहिली.

धोंडबानं कातड्याला हात लावला नाही. वाकून डोकं न्याहाळलं, ओठांची मिटलेली रेघ पाहिली, गालफडाशी जिथं कातडं आत बसलं होतं तिथं पाहिलं.

"म्हातारं जनावर होतं गा हे," तो म्हणाला. "दात नसन याले."

जयवंतानं भावाकडे पाहिलं. आता हा काहीतरी वाढवून सांगेल, मोठे दात, मोठी झेप, असं तिला वाटलं.

रुपराव खाली मान घालून बसला होता. "होते थोडे," तो म्हणाला. "एक सुळा तुटला होता, बाकीचे बोथट. म्हातारी होती ते. उपाशी. पोटाची खोळ झाली होती." तो थांबला. "धडधाकट असती तर हात नाही, गळा धरला असता तिनं. मी आज इथी बसलो नसतो. या पोरीनं बाप पाह्यला नसता."

मग त्यानं कोणी न सांगता सदऱ्याची बटणं एका हातानं सोडली आणि खांदा उघडा केला. खांद्यावर आणि छातीवर नखांचे ओरखडे होते, पांढरे, लांब, खोल. महारोगाचे डाग कसे असतात ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि हे ते नव्हते. धोंडबा जवळ आला, बोट लावून पाहिलं, आणि नवऱ्यामुलाच्या बापाकडे वळून मान हलवली.

"झाका," तो रुपरावला म्हणाला. "झाका गा. आमाले काही पाह्यचं राह्यलं नाही. कुंकू लावून घेऊ."

पुढं सगळं भराभर झालं. साखर आणली, सुपारी फुटली, बायका आत-बाहेर धावल्या. पाहुण्यांची बैलगाडी वेशीपर्यंत पोचवून रुपराव परत आला, तेव्हा जयवंता चुलीची राख काढत होती. संध्याकाळची एसटी धरायची होती; गोदामावर बाबनरावची पाळी होती आणि घरी चूल पेटवायला कोणी नव्हतं.

रुपराव स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. त्याला काही बोलायचं होतं, हे तिला दिसलं. "आज नको जाऊ," तो शेवटी एवढंच म्हणाला. "बाबनरावले निरोप धाडतो. एक दिवस खाईन तो खानावळीत."

"भांडे राह्यले आहेत, दादा."

"भांडे ती घासन," त्यानं प्रयागबाईकडे मान केली. प्रयागबाईनं तिच्या हातातलं राखेचं सूप काढून घेतलं. "उठा," ती म्हणाली. "ओसरीवर खाट टाकली हाय. वाऱ्याची जागा हाय. कोणी उठवणार नाही तुमाले."

जयवंता ओसरीवर आली. अजून उजेड होता. मळ्याकडून पंपाचा आवाज येत होता. दिवसाउजेडी खाटेवर आडवं व्हायला तिला लाज वाटली, म्हणून ती आधी नुसती बसली. मग पाय वर घेतले. आत प्रेमिला कोणाशी तरी हसून बोलत होती, भांडी वाजत होती, आणि त्यांतलं एकही तिला हाक मारत नव्हतं. तिनं पदर तोंडावर ओढून घेतला. दिवेलागणीला प्रयागबाई कंदील घेऊन आली, पाहिलं, आणि उजेड लागू नये म्हणून तो परत आत घेऊन गेली.